लोटनअप्पांचं रिटर्न

लोटनअप्पांना चहाबरोबर बिस्किटं दिली, की ते आधी पुडा मागतात. बिस्किट नंतर. पुडा उलटा करायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मागचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचायचं. मग मान डोलवत म्हणायचं, "पुडावर नाव शे ना? मंग टॅक्स लागस."

हे ज्ञान त्यांना मीच दिलं, हा माझा गुन्हा. नंदुरबारात मी दुकानदारांचे जीएसटीचे रिटर्न भरून देते. अप्पा रनाळ्याचे. घरच्या मिरचीची पूड आणि दादर ज्वारीचं पीठ पुड्यांत भरून विकतात. एकदा मी सांगून बसले, की पीठ सुटं विकलं तर कर नाही, पुड्यात भरून नाव छापलं की आहे. मिरची पूड मात्र कशीही विका, कर आहेच.

झालं! दुसऱ्याच दिवशी गिरणीत शेजारच्या ध्रुपदाबाईंच्या पिशवीवर त्यांना पेनाने लिहिलेलं नाव दिसलं. "नाव खोडा! टॅक्स लागी!" पिशव्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून बिचारीने लिहिलं होतं. तिने घाबरून खोडलं आणि भलत्याचंच पीठ घरी नेलं. ते भांडण माझ्या ऑफिसात आलं.

खरं तर अप्पांना जीएसटीच्या नोंदणीची गरजच नाही. विक्री मर्यादेच्या कितीतरी खाली. माल गुजरातेत, म्हणजे परराज्यात पाठवायला ती लागतेच, म्हणून त्यांच्या मुलाने, संजयने, नोंदणी काढली होती. पुढे बापलेकाचं बिनसलं, संजय सुरतेला निघून गेला, माल जिल्ह्याबाहेर जाणं बंद झालं. नोंदणी तेवढी राहिली.

"अप्पा, रद्द करून टाकू."

"नही ताई. चालू ऱ्हाऊ द्या."

"मग तीन महिन्यांनी एकदा भरू. तशी सोय आहे."

"नही. दर महिनाले भरा."

परवा मात्र माझं डोकं फिरलं. रिटर्न भरताना लागणारा ओटीपी जातो संजयच्या मोबाइलवर. अप्पा त्याला फोन लावून आकडे विचारतात आणि दर वेळी ओटीपीची मुदत संपून जाते. मी म्हटलं, "निदान मोबाइल नंबर तरी तुमचा टाकू या!"

अप्पांनी संजयला फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आकडा उना का रे?"

"उना. चार, नऊ, शून्य, दोन, सात, एक."

अप्पांनी सहाही आकडे माझ्या वहीच्या कोपऱ्यात लिहिले. अगदी बरोबर. मी टाइप करू लागले.

"आयकू उनं नही रे. परत सांग."

मी चमकून पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

पलीकडून संजयने एकेक आकडा सावकाश सांगायला घेतला. "चार... नऊ..." आणि मध्येच थांबून, "जेवनात का, बाबा?"

"जेवनू," अप्पा म्हणाले. "तू?"

मी की-बोर्डवरून हात काढून घेतला. मुदत संपली, तर ओटीपी दुसरा मागवता येतो.