सिनेमाचा प्रॉम्प्टर

आमचे मधुकाका सिनेमाला प्रॉम्प्टिंग करतात. म्हणजे पडद्यावरच्या नटानं तोंड उघडायच्या आत त्याचं वाक्य कुजबुजत त्याला पुरवतात. मागच्या रांगेतून कुणी हटकलं, तर वळून सांगतात, "अडकला असता ना गा तो."

काका प्रताप नगरात आमच्या शेजारी राहतात. हिंगण्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, पण ती नोकरी पोटापुरती. खरं काम कारखान्याच्या नाट्यमंडळात विंगेत वही धरून उभं राहण्याचं. मंडळ दर वर्षी एकच जुनं विनोदी नाटक करायचं. घरमालकाला ब्रह्मचारी भाडेकरू हवा असतो, म्हणून नायक बायकोलाच स्वयंपाकीण म्हणून घरात ठेवतो. नाटकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. काकांच्या कानावर गेलं, तर तुमची दुपार गेली.

या नाटकावर पूर्वी दोन सिनेमे निघाले, एक मराठी, एक हिंदी, आणि दोन्हींच्या पडद्यामागचं काकांना तोंडपाठ. "आतली गोष्ट सांगू का?" म्हणतात आणि उत्तराची वाट पाहत नाहीत. "नायक कपाटात लपते ना, त्या कपाटाले मागून पाठच नव्हती. बाहेर जाऊन चहा पिऊन येत जाय तो." हिंदीतल्या घरमालकाची मिशी म्हणे डिंकानं टिकेना, म्हणून तो बोलताना सारखा तिच्यावर बोट ठेवतो. लोकांनी त्याला अभिनय म्हटलं. हे सगळं कुठून कळलं विचाराल, तर एका लाइटमनचा साळा हिंगण्याला कामाला होता. असेल बुवा.

एका वाक्याला मात्र काका गप्प बसतात. शेवटी नायकाच्या थापा संपत आल्या की बायको हातात वाडगं घेऊन येते आणि म्हणते, "खोटं बोलून झालं असेल तर जेवायला या." मंडळात हे काम काकांच्या पत्नी, सुमनकाकू करायच्या. पहिल्याच प्रयोगात त्या या वाक्याआधी थांबल्या. काकांना वाटलं, विसरली. त्यांनी विंगेतून वाक्य असं ठणकावून पुरवलं की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं आणि काकूंचा हशा त्यांनीच खाल्ला. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "मले वाक्य येत होतं. मी थांबून राहिली होती. तुमाले काहून घाई?" पुढचे तीन दिवस भाजीत मीठ नव्हतं. तेव्हापासून त्या जागी काका वही मिटत.

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्याच नाटकावर नवा सिनेमा आला. "बाकी काहीबी कापू दे," काका स्कूटरवर मागून म्हणाले, "थे वाक्य राह्यलं पाहिजे." मलाही ते राहावं असं फार वाटत होतं.

दुपारचा खेळ होता. काकांनी पहिल्यापासून पडद्यावरच्या सगळ्यांना सांभाळून घेतलं. शेवट आला, बायको वाडगं घेऊन आली, काका गप्प झाले. आणि तिनं वाडगं ठेवून नवऱ्याला नुसती मिठी मारली. गाणं वाजलं, दिवे लागले, लोक उठले. झाडूवाली बाई आली तरी काका रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेले.

इतकी वर्षं ऐकून ते वाक्य मलाही पाठ झालंच होतं. मी हळूच म्हटलं, "खोटं बोलून झालं असेल तर जेवायला या."

काका चष्मा पुसत म्हणाले, "घाई केली गा तू. ती थांबत जाय इथं."