तीन ओळींना लागणारी जागा

शोकसाहेबांचा लॅपटॉप चालू केला की अंघोळ, चहा आणि थोडीशी निराशा उरकेपर्यंत उघडत नसे. तोवर मेलेला माणूस शिळा व्हायचा. एकतीस वर्षं वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. निवृत्तीनंतरही ते हेच काम घरून करत. पण परवा संपादकांनी फोनवर सुनावलं, "साहेब, माणूस सकाळी जातो आणि तुमची फाईल संध्याकाळी उघडते. आणखी एकदा उशीर झाला, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

म्हणून ते बायकोला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले.

"मशीन ठणठणीत आहे, डिस्क दमलीय," मागचं झाकण काढत तो म्हणाला. "एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची डिस्क टाकू. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे चटकन उघडते. दोनशे छप्पन जीबीची देऊ की पाचशे बाराची? थांबा, आधी आत किती सामान आहे ते बघू."

त्याने जुनी डिस्क आपल्या संगणकाला जोडली आणि 'तयार' नावाचा फोल्डर उघडला. नगराध्यक्ष, दोन गायिका, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर, मेहुणा.

"हे सगळे जिवंत आहेत ना?"

"सध्या," शोकसाहेब म्हणाले. लेख आधीच लिहून ठेवायचा आणि वेळ आली की फक्त तारीख भरायची, ही त्या धंद्याची रीत.

बायकोने चष्मा लावला. "माझ्या दादाची अकरा पानं?"

"त्याचं सामाजिक काम आहे गं."

"आणि ही माझी?"

तीन ओळी होत्या. पहिलीत पत्ता, दुसरीत शोकसाहेबांचं नाव, तिसरीत 'त्या अत्यंत मनमिळाऊ होत्या'.

"मनमिळाऊ? अहो, हेच तुम्ही त्या भांडकुदळ घरमालकाला लिहिलं होतंत!"

"डिस्क भरत आली होती गं. जागा नव्हती."

"छे हो!" दुरुस्तीवाला भाबडेपणाने म्हणाला. "मजकुराला जागा लागतेच कुठे? या जुन्या डिस्कवरही अख्खं शहर मावलं असतं."

शोकसाहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू 'तयार'मध्ये त्याचीही फाईल आजच उघडावी.

"पाचशे बाराची द्या," बायको म्हणाली. "परत जागेचं कारण नको."

संध्याकाळी नगराध्यक्ष गेले. तारीख भरून दोन मिनिटांत लेख रवाना झाला. संपादक गहिवरले, अर्थात, वेगामुळे.

"बघा," बायको दारातून म्हणाली. "त्यांचं कसं झटकन झालं," आणि आत गेली.

शोकसाहेबांनी तिची फाईल उघडली. बोट उचलायच्या आत ती समोर हजर. तीन ओळी पुसल्या. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. एकतीस वर्षं छापायला जाणारा प्रत्येक लेख आधी तिने वाचला होता, आणि प्रत्येकातला एक तरी 'थोर' खोडला होता. पण सुरुवात निधनाच्या वाक्याने करायची असते. झोपेतही टाईप होईल असं ते वाक्य. आज मात्र बोटं तिथेच अडली. खोलीत अंधारून आलं, तरी पडदा कोराच.

"झालं का?" आतून हाक आली.

"अजून चालू होतंय!"

ती चहा घेऊन आली. लख्ख उजळलेल्या कोऱ्या पडद्याकडे तिने पाहिलं, मग त्यांच्याकडे. कप टेबलावर ठेवला.

"होऊ दे सावकाश," ती म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"