आतल्या बाजूच्या तारा

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर प्लास्टरचा जबडा ठेवला आणि ग्रंथपालबाईंना तो ओळखीचा वाटला. वाटणारच, त्यांचाच होता. वरचा एक दात पुढे आलेला, शेजारचा त्याच्यामागे दडलेला आणि खालचे चार जण बसायला जागा न मिळाल्यासारखे एकमेकांना खेटून तिरके उभे. या मंडळींपायी बाई कळायला लागल्यापासून तोंडावर हात ठेवून हसत आल्या होत्या. मुलीला शाळेत बक्षीस मिळालं त्या दिवशीच्या फोटोत सगळं घर हसतंय आणि बाई मात्र काहीतरी भयंकर ऐकल्यासारख्या तोंड दाबून उभ्या. तो फोटो मुलीने मोठा करून भिंतीवर लावला. येणारा प्रत्येक जण "काय झालं होतं हो तेव्हा?" असं हळहळून विचारू लागला, तेव्हा बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. जन्मात एकदा तरी हात खाली ठेवून हसायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"पुढून तारा लावल्या तर सवय लवकर होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"दिसतात."

"दाताच्या रंगाच्याही मिळतात."

"जवळून दिसतात. आमच्या घरात जवळून बघणारा माणूस आहे."

"मग हे पारदर्शक साचे बघा. जेवताना काढून डबीत ठेवायचे."

बाईंना जेवणाच्या टेबलावरची ती डबी दिसली, आणि 'यात काय आहे गं?' म्हणत ती उघडणारे यजमानही दिसले. "नको. डबी सापडेल."

"बाई, तुम्ही दात सरळ करताय की चोरीचा माल लपवताय?"

डॉक्टरीणबाईंचा काही दोष नव्हता. त्यांना यजमान माहीत नव्हते. हा गृहस्थ विमा कंपनीत दिवसभर लोकांच्या आगी आणि अपघात तपासायचा आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्या गोतावळ्याची चेष्टा करायचा. स्वतःच्या धाकट्या बहिणीला 'दवंडी' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिच्या मुलाने कधी काळी दातांना तारा लावल्या, तर त्याचं 'कुंपण' केलं. आता तो दोन पोरांचा बाप झाला, दात मोत्यासारखे झाले, तरी फोनवर "काय कुंपण, बरंय ना?" चालूच. बाईंच्या तारा यांच्या दृष्टीस पडल्या असत्या, तर चार दिवसांत त्या उपटून टाकाव्या लागल्या असत्या.

"मग एकच उरलं. दातांच्या मागून, जिभेच्या बाजूने. कुणाला म्हणून दिसत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण जीभ सोलवटते, चावायला त्रास होतो आणि काही आठवडे बोलणं बोबडं होतं. तुमचं काम बोलण्याचं आहे का?"

"माझ्या डोक्यावर 'शांतता राखा' अशी पाटी आहे."

"आणि घरी?"

"घरी ते बोलतात."

मापं गेली, दातागणिक वेगळ्या घडवलेल्या तारा आल्या आणि एका दुपारी बसवूनही झाल्या. दवाखान्यातून बाहेर पडताना बाईंनी आभार मानायला तोंड उघडलं, तर आतून एखादं बाळ बोललं. जीभ कुठेही टेकवावी तर तार टोचत होती. बाईंनी मान डोलावली, तारांवर चिकटवायच्या मेणाचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि ओठ मिटून घरी आल्या.

ग्रंथालयात कुणाच्या काही लक्षातही आलं नाही. उलट तिथला दरारा वाढला. गोंधळ झाला तो घरी. कारण बाईंच्या घरात भांडणाची एक ठरलेली रीत होती. इथे आवाज चढायचा नाही, भांडी आपटायची नाहीत. बाई रागावल्या की अबोला धरायच्या. जगाला हसवणारे यजमान या एका शस्त्रापुढे पार हतबल व्हायचे. नेमका गुन्हा कोणता ते विचारायची सोय नसायची, कारण विचारलं की अबोला आणखी घट्ट व्हायचा. म्हणून ते अंदाजाने एकेक गुन्हा कबूल करत जायचे आणि योग्य तो सापडला की सुटका व्हायची.

पहिल्या रात्री बाई कुस्करलेलं केळं घेऊन मुकाट्याने बसल्या. यजमानांनी घास हातातच धरला.

"काय झालं?"

बाईंनी मान हलवली.

"जेवत का नाहीस?"

बाईंनी सामानाच्या यादीच्या वहीतला कागद फाडला, त्यावर 'काही झालं नाही' असं लिहून पुढे सरकवला. तो वाचून यजमानांचा चेहरा उतरला. बायकोने तोंडाने म्हटलेलं 'काही झालं नाही' त्यांनी अनेकदा पचवलं होतं. लेखी आलेलं हे पहिलंच.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी सुरुवात केली. "हे बघ, न्हाणीघरातला नळ प्लंबरने नाही मोडला. मीच पिळला."

बाई सूप ढवळत राहिल्या. प्लंबरला त्यांनी किती बोलून घेतलं होतं!

"नळ नाही? बरं. मग तुझ्या आईने दिलेलं घड्याळ. ते बिघडलं नव्हतं गं. रात्रभर टिकटिक करायचं, म्हणून मी आतला सेल काढला आणि दुरुस्त होत नाही म्हणून सांगितलं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. जाब विचारायला तोंड उघडणार, तोच तार जिभेला रुतली आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. यजमान हादरलेच.

"रडू नकोस! सांगतो, सगळं सांगतो. तुझ्या मैत्रिणीकडे जायचं होतं ना, तेव्हा मला ताप नव्हता. थर्मामीटर चहात बुडवला होता."

बाईंचा संताप संताप झाला. केवढी आयती संधी! असा माणूस समोर गुन्ह्यांची पोतडी उघडून बसलाय आणि आपल्याला साधं 'लाज नाही वाटत?' एवढंही धड म्हणता येत नाही. त्यातला 'लाज' जमला असता. पुढचं सगळं सांडलं असतं.

आठवडा उलटला, कबुलीजबाब संपत आले आणि अबोला काही सुटेना. बाई तर जेवतही नव्हत्या. शेवटी यजमानांनी धीर सोडला आणि बहिणीला फोन केला. बहिणीला फोन करणं म्हणजे काय, हे तिला 'दवंडी' म्हणणाऱ्याला कळायला हवं होतं. रविवारी सकाळी बाईंनी दार उघडलं, तर दारात नणंद आणि तिच्या मागे वसतिगृहातून बोलावून आणलेली मुलगी.

"वहिनी," नणंदेने बाईंचा हात धरून त्यांना कोचावर बसवलं, "मला माहितीये तुम्ही का रागावलात. तुम्ही दिलेला काचेचा बाऊल मी दुसऱ्या कुणाला तरी भेट म्हणून देऊन टाकला. कळलं ना तुम्हाला? हो, दिला. पण माझ्यावरचा राग दादावर कशाला?"

"म्हणजे तो बाऊल होय!" यजमानांचा चेहरा उजळला. "मग मी तो थर्मामीटर उगाच सांगितला की!"

"कुठला थर्मामीटर?" नणंद म्हणाली. "आम्ही नवं घर घेतलं तेव्हा तुला ताप होता, तोच का?"

यजमानांनी छताकडे पाहिलं.

"आई," मुलगी एकदम हुंदका देऊन म्हणाली, "त्या दोघांचं सोड. मला ठाऊक आहे तू माझ्यामुळे जेवत नाहीयेस. कॉलेजातून फोन आला ना? मी एका विषयात नापास झालेय."

"नापास?" यजमान ताडकन उठले. "आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला नाव ठेवलं असतंत!"

"बरोबर बोलली पोर," नणंद म्हणाली. "माझ्या मुलाचं काय केलंस तू, सांग!"

"त्याचा इथे काय संबंध? आणि तू आधी बाऊलचं बोल!"

तिघांची अशी काही जुंपली की ज्यांच्याशी समेट करायला ही बैठक भरली होती त्या बाई कोचावर आहेत, हेही कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. बाईंनी एकदा हात वर केला. टेबलावर टिचक्या मारल्या. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग मात्र त्यांची सहनशक्ती संपली.

"फुले!" बाई ओरडल्या. 'पुरे' म्हणायचं होतं. "लागावले नाहीये मी! धाथांना थाला लावल्यायथ! आथून!"

तिघेही वळले. मग बाईंनी सरळ तोंडच उघडलं आणि आत बोट दाखवलं. नणंदेने फोनचा दिवा लावला. तिघं जण एकापाठोपाठ एक वाकून विहिरीत डोकावावं तसे आत डोकावले.

"अय्या, तारा!" नणंद म्हणाली. सरळ होता होता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे तुम्ही रागावला नव्हतात? आणि मी बाऊलचं बोलून बसले?"

"आणि मी नापास झाल्याचं!" मुलगी म्हणाली.

मग दोघींनी वळून यजमानांकडे पाहिलं. आता हा माणूस काय नाव ठेवतो, याची सगळ्याच वाट बघत होत्या. बाईंनी तर डोळेच मिटले. पण यजमान काही बोलले नाहीत. ते उठले, गॅलरीत गेले आणि कुंड्यांना पाणी घालत बसले. पाणी सकाळीच घालून झालं होतं.

त्या दिवसापासून यजमान गप्प. हाक मारली तर येत, वाढलेलं जेवत, दिलेलं सामान आणत. शब्द म्हणून नाही. बाईंची जीभ हळूहळू तारांना सरावली, बोबडेपणा गेला, 'स' आणि 'त' आपापल्या जागी परतले. बोलायला कसं मोकळं मोकळं वाटू लागलं आणि घरात बोलायला माणूस नाही! भिंतींशी किती बोलणार? अबोला धरणं सोपं असतं, तो सोसणं काय असतं ते बाई पहिल्यांदाच बघत होत्या. आधी त्यांना वाटलं, कबुलीजबाब फुकट गेले म्हणून फुरंगटले असतील. मग एके संध्याकाळी भलतीच शंका आली.

"आ करा बघू," त्या म्हणाल्या.

यजमानांनी आ केला. आत नेहमीचेच दात. मागूनही काही नाही. म्हणजे अबोला अस्सल होता.

"अहो, पण झालं काय? मी तुमचं काय घोडं मारलंय?" बाई वैतागल्या. गुन्हा शोधायची पाळी आता त्यांच्यावर आली होती. "ते तुमचं जुनं जाकीट? हरवलं नव्हतं, मीच देऊन टाकलं. ते नाही? मग मुलीच्या खोलीचा रंग तुम्हाला न विचारता ठरवला, तो? तोही नाही?"

शेवटी यजमानांनी तोंड उघडलं. "एवढं दुखत होतं तुला. जेवता येत नव्हतं. आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही चेष्टा केली असतीत."

"केली असती," यजमान प्रामाणिकपणे म्हणाले. "पण दवाखान्यात बरोबर आलो असतो."

बाईंना एकदम भरून आलं. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली आणि हे एवढं त्यांच्या मनात आलंच नव्हतं.

"आणि तू हसली असतीस," यजमान पुढे म्हणाले. "बाकीचे काय, तोंडदेखलं हसतात. माझ्या विनोदांना मनापासून हसणारी तूच तर एक आहेस. कशी खुदकन तोंडावर हात ठेवतेस!"

आता इथे गप्प बसायला हवं होतं. इतके दिवस गप्पच तर बसल्या होत्या. पण मन भरून आलेलं, जीभ मोकळी झालेली आणि समोरचा एवढं खरं बोललेला. बाईंना खोटं लपवून ठेववेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "त्या हातामागे मी दर वेळी हसतच असते असं नाही."

यजमानांना ते पोचायला जरा वेळ लागला. "म्हणजे?"

"म्हणजे कधी जांभई असते. कधी नुसताच हात असतो."

"लग्न झाल्यापासून?"

"सगळ्यांना नाही हो. काही चांगले असतात."

"कुठले?"

बाईंना एकही आठवेना. यजमान उठले. त्यांनी खुर्ची ओढून बरोबर बाईंसमोर आणली आणि अपघात तपासायला निघाल्यासारखे तिच्यावर बसले.

"हात मांडीवर ठेव," ते म्हणाले. "मांडीवरच. आता मी सांगतो आणि तू तोंड दाखव."

दात सरळ करण्यातली ही अडचण डॉक्टरीणबाईंनी सांगितली नव्हती. यजमानांनी चालायला गेलेल्या लठ्ठ साहेबांचा विनोद काढला, जो बाईंनी स्वतःच्या साखरपुड्यात पहिल्यांदा ऐकला होता. तो त्यांनी हातवारे करून, साहेबांची चाल करून, शेवटाला थांबून अगदी रंगवून सांगितला आणि बाईंच्या ओठांवर नजर लावून बसले.

बाईंनी शिकस्त केली. हसू काही आलं नाही.

"हा पण नाही?" यजमान म्हणाले. "हा तर माझा ठेवणीतला!" आणि त्यांचा चेहरा असा काही पडला की बाईंना राहवलंच नाही. पोटातून उसळी आली, मांडीवरचे हात मांडीवरच राहिले, पुढचा दात, मागचा दात, खालचे तिरके चौघे आणि आतल्या तारा अशा सगळ्या सरंजामासह बाई खदखदून हसल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"बघ!" यजमान टाळी वाजवून उठले. "हा चांगलाच आहे! तू उगाच घाबरवलंस मला."

आपण विनोदाला नाही, त्यांच्या तोंडाकडे बघून हसलो, हे सांगायला बाईंनी तोंड उघडलं. मग समोरचा तो फुललेला चेहरा पाहिला आणि मुकाट्याने मिटून घेतलं. यजमान खुर्ची आणखी पुढे सरकवून म्हणाले, "थांब, आता दुसरा सांगतो."