एका अंड्याला किती पीठ

गेनबा हवालदार कुणाला 'काय चाललंय' असं विचारत नसत. ते विचारत, "आज काय खाल्लं?" आणि उत्तर मिळालं की त्या जिनसेची किंमत अंड्यात सांगत. नाचणीची भाकरी म्हटलं की "पाव अंडं." वाटीभर आमटी म्हटली की "अर्धं, पर पातळ आसंल तर त्येबी न्हाई." आंबेमोहराच्या भातावर अख्ख्या मुळशी खोऱ्याचा जीव, पण हवालदार तो नुसता हुंगून सांगत, "वास लई चांगला. अंडं शून्य." पुढे पुढे हे माप माणसांनाही लागलं. तलाठी दीड अंड्याचा होता आणि सरपंचांचं भाषण बिनअंड्याचं. मी शाळेवर हजर झालो तेव्हा त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि किंमत सांगायचं टाळलं. मी मनाला लावून घेतलं नाही. तेव्हा माझी प्रकृतीच तोळामासा होती.

तसे हवालदार हे हवालदार कधीच नव्हते. लढाईच्या काळात ते लष्करात लांगरी, म्हणजे भटारखान्यातले आचारी होते, आणि तेही इस्पितळाच्या. तिथे अंथरुणाला खिळलेले शिपाई रोजच्या अंड्यावर उठून बसताना त्यांनी पाहिले, आणि तेव्हापासून देवावरची त्यांची निम्मी श्रद्धा अंड्याकडे वळली. लढाई संपल्यावर ते खाकी कोट घालून गावात उतरले. गावाने कोट बघून परस्पर बढती देऊन टाकली. त्यांनीही ती फारशी कुरकुर न करता घेतली.

त्यांच्याच घराच्या पडवीत मी राहायला होतो. घरात माणसं दोनच, हवालदार आणि पारूमावशी. मूलबाळ नव्हतं. चुली मात्र दोन होत्या, कारण मावशी माळकरी. हवालदार लढाईवर असताना नवरा सुखरूप परत यावा म्हणून त्यांनी गळ्यात माळ घातली होती. नवरा सुखरूप परतला, तो अंड्याचा भक्त होऊन. आता ज्या माळेनं त्याला परत आणला तीच काढा असं कोणत्या तोंडानं म्हणणार? म्हणून हवालदारांनी अंगणात तीन दगड मांडले, कोपऱ्यात खुराडं बांधलं आणि आपला भटारखाना वेगळा थाटला. भांडी वेगळी, ताट वेगळं. मावशी आत जेवत, हवालदार अंगणात. पाऊस मी म्हणायला लागला की तीन दगड गोठ्यात जात, पण उंबऱ्याच्या आत म्हणून येत नसत. माझं बालपण पुण्यात, ज्या घरात अंड्याचं नावही मोठ्यानं घेत नसत अशा घरात गेलेलं. जन्मातलं पहिलं अंडं मी त्या गोठ्यात खाल्लं. मावशी नेमक्या तेव्हाच पाठ करून तुळशीला पाणी घालत होत्या, आणि ते पाणी बराच वेळ पुरलं.

अशात शाळेत मुलांसाठी परदेशी मक्याचं पीठ आलं. पिवळंधमक, रवाळ, आणि गोणीवर कुणालाही न वाचता येणारी अक्षरं. आम्ही त्याचा उपमा शिजवायचो आणि उरलेलं कोरडं पीठ मुलांना घरी द्यायचो. भात खाणारा मुलूख तो, बायांना त्या पिठाची भाकरी थापता येईना. मग ते कोंबड्यांपुढे पडू लागलं. हवालदारांनी चिमूटभर तोंडात टाकून निकाल दिला, "भुसा हाय. अंड्याच्या हिशेबात बोलायचं कामच न्हाई." इथे विषय संपायला हरकत नव्हती.

पण भात कापणीला आला त्या सुमारास हवालदारांनी एकदम पवित्रा बदलला. एके सकाळी मी दाढी करत असताना ते समोर येऊन बसले आणि म्हणाले, "गुरुजी, एका अंड्याला किती पीठ?" मला वाटलं गंमत चाललीय. मी म्हटलं, बघावं लागेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न ग्रामसेवकाला विचारला, मग एस.टी.च्या कंडक्टरला, मग एका लग्नात नवरदेवाच्या मामाला, कारण मामा शेतकी खात्यात शिपाई होता. उत्तर कुणालाच येईना. मग हवालदारांनी घरोघर फिरून ते पीठ गोळा करायला सुरुवात केली, आणि फुकट नव्हे. मापटंभर पीठ घ्यायचे आणि एक अंडं द्यायचे.

गावात हसून मुरकुंडी वळली. कोंबडीचं खाद्य घेऊन अंडं देणारा माणूस कुणी पाहिला होता का? मग शहाण्यांनी डोकं चालवलं आणि त्यांना वाटलं, हवालदार बेरकी आहे, हा पिठाचा भाव ठरवतोय, आधी सगळं गोळा करील आणि मग पुण्यात नेऊन विकील. म्हणूनच तो किती पीठ, किती पीठ म्हणून विचारत फिरतोय. दोघाचौघांनी तर पीठ दडवून ठेवलं. एवढ्या भानगडीत गावातली पोरं घरोघर अंडी खायला लागली, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पुढे तालुक्याहून एक विस्तार अधिकारी सकस आहारावर भाषण द्यायला आले. शाळेच्या भिंतीवर त्यांनी रंगीत तक्ते टांगले. भाषण संपायच्या आतच हवालदार उभे राहिले आणि त्यांनी आपला प्रश्न टाकला. अधिकारी सज्जन होते. त्यांनी समजावून सांगितलं की पीठ म्हणजे सरपण आणि अंडं म्हणजे वीट. पिठानं अंगात ऊब येते, काम करायला जोर येतो, पण अंग भरून काढायला अंड्यात जे असतं ते पिठात फार कमी. कितीही सरपण रचलं तरी त्याची भिंत होत नाही.

"सायेब," हवालदार म्हणाले, "कोंबडी काय खाती? ह्येच पीठ खाती. तिच्या पोटात सरपनाची वीट हुती, मग मानसाच्या का हुत न्हाई?"

अधिकारी क्षणभर तक्त्याकडे बघत राहिले. तक्त्यावर कोंबडीच्या पोटाबद्दल काही नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की कोंबडी नुसत्या पिठावर नसते, ती दिवसभर किडेमकोडेही टिपते. मागून कुणीतरी म्हणालं, मग हवालदारांनीही टिपावेत. सगळी शाळा हसली, अधिकारी हसले, मीही हसलो. हवालदार एरवी टोला परतवल्याशिवाय खाली बसणारे नव्हेत. त्या दिवशी ते उभ्याउभ्याच वळले आणि घरी गेले.

दिवेलागणीला ते पडवीत आले. कोट काढलेला होता. कोटाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होतो. कोटाच्या आत माणूस तसा थोडाच होता. त्यांनी आतल्या दाराकडे बघून आवाज खाली घेतला आणि जे सांगितलं ते असं. पावसाळ्यात मावशींना चक्कर येऊ लागली होती, उखळापाशी बसल्या की उठवेना. हवालदारांनी त्यांना पौडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्त नाही, खाणं सुधारा, रोज अंडं द्या. मावशींनी माळेला हात लावला आणि विषय मिटवला. हवालदारांनी समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. मावशी म्हणाल्या, देवाला दिलेला शब्द आहे, आता माघारी घेतला तर तो तुम्हाला माघारी घेईल.

"म्हून म्हनलं, अंड्याच्या बदल्यात काय चालतंय त्ये हुडकावं," ते म्हणाले. "कोंबडी पीठ खाती आन् अंडं देती, म्हून तिला रोज त्या पिठाचीच धिरडी घालतुया. येकदा चोरून बी केलं, गुरुजी. पिठाच्या धिरड्यात अंडं फेटून घातलं. मी लष्कराचा आचारी, तिला वास बी आला नसता. ताट घिऊन ग्येलो. तिनं न बघता हात फुडं केला. ह्यो काय देतोय त्ये बघितलं बी न्हाई तिनं. माज्यानं देववंना."

ते धिरडं त्यांनी अंगणात येऊन स्वतः खाल्लं, आणि ते शेवटचं. तेव्हापासून त्यांनी अंड्याला तोंड लावलं नव्हतं. आज अधिकाऱ्यानं पिठाचीही आशा घालवली होती. ज्या माणसानं सगळ्या जगाला अंड्यावर तोललं, त्याला आता ती एक बाई वाचवायची होती आणि अंडं त्याच्या काही उपयोगाचं नव्हतं. दुपारी हसलो होतो ते तोंड कुठे लपवावं ते मला कळेना.

त्यांचं माझ्याकडे एकच मागणं होतं. पीठ अंड्याच्या बरोबरीचं आहे असं मी मावशींना सांगायचं. पुस्तकात आहे म्हणायचं. मावशींना त्या पिठाचा कंटाळा आला तर त्या खाणं सोडतील, एवढीच त्यांना धास्ती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार खुराड्याशी गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन माझं पाठांतर म्हणून दाखवलं. मावशी चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्येंनी सांगितलं व्हय असं बोलाया?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी फडताळातून एक मडकं काढून माझ्यापुढे ठेवलं. आत गूळ आणि भाजलेले शेंगदाणे होते. डॉक्टरांनी अंड्यावर थांबून औषध संपवलं नव्हतं. त्यांनी गूळ-शेंगदाणे सांगितले होते, नाचणी सांगितली होती, पालेभाजी सांगितली होती. दवाखान्यात दोघंही होते. पण अंड्याचं नाव निघाल्यावर हवालदारांच्या कानात दुसरं काही शिरणं शक्यच नव्हतं. मावशी नवऱ्याच्या माघारी हे सगळं नेमानं खात होत्या. चक्कर थांबली होती. उखळापाशी बसल्या तर हाताचा आधार न घेता उठत होत्या.

"मग त्यांना सांगत का नाही?" मी विचारलं. "माणूस झुरतोय."

मावशींनी मडक्याला झाकण लावलं. "लढाईवरनं आल्यापासनं ह्यें त्या तीन दगडांपाशी जेवले, गुरुजी. येवडी वर्सं. आन् मी हितं. आता रोज सकाळी माज्या चुलीम्होरं बसून धिरडी करत्यात. येक मला वाढत्यात, येक सोता घेत्यात. येका ताटात." त्यांनी मडकं परत फडताळात ठेवलं. "शेंगदान्याचं सांगितलं तर ह्यें परत भायेर जात्याल."

मी उठलो. दारात मला त्यांनी पुन्हा हाक मारली.

"त्येंना म्हना, पीठ अंड्याच्या बरूबर न्हाई. जास्त हाय."

हवालदार अंगणात पिठाची पितळी घेऊन उभे होते. मी जवळ जाऊन म्हटलं, हवालदार, हिशेब लागला, पीठ अंड्यापेक्षा जास्त आहे, मावशींनाही पटलंय. त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग कोटाच्या बाहीनं डोळे पुसले, पिठाच्या नावानं दोन शिंका काढल्यासारखं केलं, आणि 'कितीनं जास्त?' हे विचारायचं साफ विसरून वहाणा काढून आत गेले.