सात औषधं पचवलेला जंतू

अर्धवट शिकलेला माणूस वाया जातो, पण अर्ध्या औषधावर शिकलेला जंतू नाव काढतो. रायपूरच्या एका मासळीबाजारात असे गुणी जंतू पुष्कळ होते.

रेल्वेतून निवृत्त झालेल्या हरिदासांना हे उशिरा कळलं. त्यांची बायको शेवंता त्याच बाजारातल्या एका दुकानातून आणलेला रोहू साफ करत होती, तेव्हा बोटात काटा घुसला. दवाखान्यानं एकामागून एक सात औषधं दिली. जंतूंनी सातही पचवली. अठराव्या दिवशी शेवंता गेली. (कागदावर प्रकृती शेवटपर्यंत स्थिर होती.)

हरिदासांना एकच गोष्ट हवी होती: चूक कोणाची, हे लेखी. त्याच दुकानातला रोहू घेऊन ते अन्नतपासणीच्या कार्यालयात गेले. कार्यालयानं अर्ज तीन प्रतींत घेतला, मासा एका प्रतीत. (माशाची झेरॉक्स निघत नाही, हे वरिष्ठांनी मान्य केलं.) महिन्यानं अहवाल आला. माशावरच्या जंतूंवर सातही औषधं निकामी. मासा मात्र नियमानुसार ताजा.

अहवाल घेऊन ते मासेवाल्या बाबारावकडे गेले. दुकान त्याचंच, मासे वाढवायचं तळंही त्याचंच.

"तळ्यात काय टाकतो रे?"

"औषध, भाऊ. मासे सुस्त दिसले का टाकतो. दोन दिवसांत पळाले लागले का बंद."

"अन् उरलेलं?"

"ठेवतो ना पुढच्या वेळेले. चांगलं औषध काहून फेकाचं?"

"डॉक्टरले विचारलं होतं?"

"विचाराचं काय त्यात? मागच्या वेळी लागू पडलं होतं ना."

हे शब्द हरिदासांनी तीस वर्षं घरातच ऐकले होते.

फ्रिजवर शेवंताचा बिस्किटांचा डबा होता. आत गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी: 'भावना, ताप', 'यांची दाढ', 'यशदीप, खोकला'. ताप उतरला की गोळी बंद, उरलेली डब्यात. अर्धा मोहल्ला या डब्यावर बरा व्हायचा. हरिदासांनी डबा फेकायला उचलला, चिठ्ठ्या वाचल्या आणि परत जागेवर ठेवला.

मग तक्रारीचा अर्ज भरला. दोषीच्या रकान्यात बाबारावचं नाव लिहिलं. त्याखाली शेवंताचं लिहायला हात धजेना, म्हणून स्वतःचं लिहिलं.

कार्यालयानं अर्ज परत पाठवला. शेरा होता: 'यादी अपूर्ण. उर्वरित नावं जोडावीत.'

रकान्यात अजून जागा आहे. तुमच्या फ्रिजवर किती पट्ट्या उरल्या आहेत, ते बघून हरिदासांना कळवा. सवडीनं कळवलं तरी चालेल. तोवर जंतू शिकून राहिले आहेत.