मारुतीअण्णांचा अंदाज

स्मशानातून परतताना मारुतीअण्णांनी मयताच्या व्याह्यांना विचारलं, "निपाणीस्नं आलासा न्हवं? रेल्वे असती तर रेल्वेनं आला असता काय?"

व्याही बिचारे डोळे पुसत म्हणाले, "आलो असतो की."

अण्णांनी मान हलवली आणि माझ्याकडं वळून पुटपुटले, "सांगत्यात समदी. बसत न्हाय कोण."

आम्ही दोघं अनगोळात शेजारी आणि बेळगावात एकाच कचेरीत. निपाणीपर्यंत नवी रेल्वे केली तर रोज किती माणसं बसतील, याचा अंदाज बांधणं हे आमचं काम. अण्णांना तो अंदाजाचा नाद घरीदारी लागलेला. माझ्या वास्तुशांतीला त्यांनी आचाऱ्याला परस्पर सांगितलं, "निम्म्या माणसांचंच रांध." मी चिडलो. संध्याकाळी त्यातलाही भात उरला.

निपाणीच्या स्टँडवर आम्ही प्रवाशांना विचारत फिरलो. सगळे हौसेनं 'बसू' म्हणायचे. अण्णा तेवढ्यापुरतं हसायचे आणि चहा पिताना त्यातली निम्मी माणसं उतरवायचे. "दारात मोटरसायकल हाय त्येच्या. त्यो रिक्षा करून स्टेशनाला जाईल व्हय?"

शेवटी हिशेब जुळला नाही. रेल्वे रिकामी धावणार, असंच निघत होतं. साहेबांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "अण्णा, आकडा जरा वाढवा की."

"आकडा वाढंल सायेब. माणसं कुठनं आणायची?"

अहवाल तसाच गेला. त्या दिवशी अण्णा डबा न उघडताच घरी गेले.

पुढच्या आठवड्यात निपाणीला काम निघालं, म्हणून मी अण्णांबरोबर त्यांच्या जुन्या मोटारीतून गेलो. परतताना अण्णांनी गाडी तिथल्याच एका गल्लीत घातली आणि आपल्या थोरल्या बहिणीला पुढच्या सीटवर बसवलं. आक्का विधवा, एकटी राहणारी. मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा बेळगावला यावं लागायचं. दर खेपेला अण्णाच रजा टाकून न्यायला जात. हे मला त्या दिवशी कळलं.

गावाबाहेर पडल्यावर आक्का म्हणाल्या, "माझ्यापायी तुझी नोकरी जाईल रं. रेल्वे झाली की माझी मी यीन. व्हनार न्हवं?"

मी मागं बसून खिडकीबाहेर बघत राहिलो.

"व्हनार की," अण्णा म्हणाले.

"स्टेशन कुठं?"

अण्णांनी गाडी हळू करून रस्त्याकडेचं तंबाखूचं शेत दाखवलं. "हितंच."

"मग जवळच हाय. चालत यीन मी." आक्का मान वळवून ते शेत मागं पडेपर्यंत बघत राहिल्या. "पर गर्दी असंल न्हवं? मला उभं ऱ्हावत न्हाय आता."

अण्णांनी समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही.

"न्हाय आक्का," ते म्हणाले. "लई जागा असंल."