करवतीवर कान

टाउनो हिएतालाची पेट्रोलवर चालणारी नवी करवत खोक्यातून निघून स्वयंपाकघराच्या टेबलावर बसली, तेव्हा सायमा त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वेलदोड्याच्या गोड पावाची कणीक मळत होती. तिनं एकदा करवतीकडे पाहिलं आणि एकदा नवऱ्याकडे.

"ही का तुझी जर्मन?"

"जर्मनच म्हण की! आकार तोच, पातं तेच, साखळी तीच. फक्त जन्म चीनमधला."

"रंग तर चार उन्हाळे दोरीवर वाळत पडल्यासारखा आहे. केवढ्याला पडली?"

"एकशे एकोणनव्वद डॉलर. खरी घेतली असती तर हजाराच्या वर गेले असते."

"म्हणजे करवत खोटी, किंमत तेवढी खरी," सायमा म्हणाली आणि पुन्हा कणकेला लागली.

टाउनोची जुनी करवत एकतीस वर्षं इमानेइतबारे राबून वसंतात गेली. त्याच वसंतात टाउनोही जवळजवळ जाऊन परत आला होता. डॉक्टरांनी हृदयात दोन जाळ्या बसवल्या आणि "बेतानं घ्या" म्हणून घरी पाठवलं. बेतानं घेणं म्हणजे काय, हे मिशिगनच्या या उत्तर टोकाला कुणालाच ठाऊक नाही. इथे नोव्हेंबरात तळ्यावरून बर्फ यायला लागला की एप्रिलपर्यंत थांबत नाही, आणि तोवर जळणाची खोली आढ्यापर्यंत भरलेली लागते. मार्केट नावाच्या शहरात राहणारी त्यांची लेक लॉरी म्हणत होती की आता पुरे, घर तापवायला गॅसची शेगडी बसवून घ्या, पैसे मी देते.

टाउनोला ते झोंबलं. सेहेचाळीस हिवाळे सायमाला ऊब त्यानं दिली होती. पाडलं त्यानं, कापलं त्यानं, फोडलं, रचलं आणि पहाटे उठून पेटवलंही त्यानंच. गोड बोलणं त्याला कधी जमलं नाही; जे काही सांगायचं ते तो भट्टीत घालायचा. ते काम उद्या भिंतीतली नळी करणार असेल, तर आपण या घरात नेमके कशाला, असं त्याला वाटे. बोलून मात्र त्यानं एवढंच दाखवलं, "गॅसला वास येतो."

सायमानं त्याला अडवलं नाही. तिनं एकच अट घातली, "मला इथे ओट्यापाशी करवत ऐकू आली पाहिजे. थांबली की मी निघाले."

सायमाचा बाप जंगलात लाकूडतोड्या होता. ती नऊ वर्षांची असताना एका दुपारी त्याची करवत थांबली, ती पुन्हा सुरूच झाली नाही. आई म्हणाली होती, "जेवायला बसला असेल." त्यामुळे टाउनोनं अट मुकाट्यानं मान्य केली.

आता गंमत बघा. ज्या बाईचा सगळा जीव करवतीच्या आवाजात अडकलेला, तिच्या नवऱ्यानं आणली ती दर पाच मिनिटांनी बंद पडणारी करवत!

पहिल्या दिवशी सकाळी सायमा चार वेळा मागच्या वाटेनं धावली. हात पिठाचे, पायात टाउनोचे बूट. चारही वेळा टाउनो बर्चच्या ओंडक्यावर एक पाय ठेवून दोरी ओढत उभा.

"बंद पडली," तो म्हणायचा.

"दिसतंय," ती म्हणायची आणि धापा टाकत परत जायची.

पाचव्या वेळी तिचा गुडघा बोलायला लागला, म्हणून ती अंगणाच्या कडेलाच थांबली आणि तिथून तिनं पाहिलं. टाउनो पाचोळ्यात पालथा पडला होता, तोंड खाली आणि हात पसरलेले. तिनं पुढे पाऊलही न टाकता अग्निशमनवाल्यांना फोन केला; इथे कुठल्याही संकटाला तेच धावतात. गाडी घेऊन अग्निशमनचा डेल आला तेव्हा टाउनो अजून पालथाच होता.

"काका! ऐकू येतंय का मी काय म्हणतोय ते?"

"पाय काढ!" पाचोळ्यातून आवाज आला. "स्क्रूवर उभा आहेस तू. अर्धा तास शोधतोय मी!"

गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा तर आणखी तऱ्हा. करवत थांबली, सायमा धावली, तर ओंडक्यावर करवत आहे, शेजारी टोपी आहे आणि माणूस नाही. माणूस झाडीतून आडवाटेनं शेजारच्या आर्विडकडे स्पार्क प्लग मागायला गेला होता. फोन? फोन घरात, चार्जिंगला. डेलनं सहा माणसं लावून जंगल पिंजून काढलं. तासाभरानं टाउनो हातात प्लग आणि तोंडात आर्विडकडचं बिस्किट घेऊन परत आला आणि "काय रे, कोण हरवलंय?" म्हणून शोधणाऱ्यांतच सामील झाला.

त्या रात्री लॉरीचा फोन आला. "बाबा, आता शेवटचं सांगते. ती गाडी आणखी एकदा जरी आपल्या दारात आली, तर गॅसची शेगडी आलीच म्हणून समज. मी आगाऊ पैसे भरून ठेवलेत."

"येत नाही गाडी," टाउनो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो करवत बगलेत मारून आर्विडकडे गेला. आर्विडनं आयुष्यभर शाळेची बस चालवली, पण निवृत्तीनंतर करवतींचे इतके व्हिडिओ पाहिले की आता त्याला कुठलंच यंत्र जसंच्या तसं बघवत नसे.

"वेडा आहेस तू," आर्विड म्हणाला. "ही करवत विकत आणून वापरायची नसते. विकत आणून पुन्हा बनवायची असते. सोड माझ्यावर."

त्यानं पेट्रोलची नळी बदलली आणि सगळ्या स्क्रूंना चिकटद्रव लावला. सायलेन्सर उघडून त्याला अंगठा जाईल एवढं भोक पाडलं. "आता श्वास घेईल बघ मोकळा," तो म्हणाला. शेवटी त्याला खरं दुखणं सापडलं. बंद करायच्या बटणाची तार आत कुठेतरी घासत होती. ती पत्र्याला टेकली की इंजिन गप्प. आर्विडनं पक्कड घेतली आणि तार कापून टाकली.

"अरे, मग बंद कशी करायची?"

"चोक ओढायचा. हवा बंद, काम बंद. बटण लागतंय कुणाला?"

जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं हे झालं. पण दोघंही खूश होते.

शनिवारी सकाळी करवत पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि अशी गरजली, की आर्विडच्या कोंबड्या खुराड्यात शिरल्या. मेपलच्या लाकडात ती लोण्यात सुरी जावी तशी जात होती. एकदा म्हणून अडखळली नाही. तिकडे सायमानं कित्येक दिवसांनी शांतपणे पाव भट्टीत घातले, खुर्चीत बसली आणि चक्क कॉफी गरम असताना प्यायली.

पावणेबाराला टाउनोनं करवत मिनिटभर थांबवून पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली, आणखी एक ओंडका कापला आणि जेवायला निघावं म्हणून चोक ओढला. चोक हातात आला. नुसता दांडा, बाकीचं जिथल्या तिथे. करवत मजेत चालूच.

त्यानं मेलेलं बटण चार वेळा दाबून पाहिलं. हातमोजा सायलेन्सरच्या भोकावर दाबला, तर मोजाच जळला. शिव्या घातल्या, फिनिशमधल्याही घातल्या. मग त्यानं साखळीचा ब्रेक लावला, करवत ओंडक्यावर ठेवली आणि विचार करायला शेजारी बसला.

कुणी म्हणेल, तशीच उचलून घरी न्यायची. पण टाउनो सव्वीस वर्षं लाकूड कंपनीत मुकादम होता. चालू करवत घेऊन एक पाऊल टाकायचं नाही आणि चालू करवत सोडून एक पाऊल जायचं नाही, हे त्यानं दोनशे पोरांना शिकवलं होतं. एकाला तर त्यासाठी कामावरून काढलं होतं. तेव्हा आता, आजूबाजूला कुणी बघणारं नसताना, तो नियम मोडणं त्याच्या मनातही आलं नाही. पेट्रोल संपेल तेव्हा बंद होईल, म्हणून तो तान्ह्या बाळापाशी बसावं तसा करवतीपाशी बसून राहिला.

बारा वाजले. हिएतालांच्या घरी बाराचं जेवण बाराला होतं. बारा-पाच झाले. सायमानं मान तिरपी केली.

लाकडात शिरलेली करवत वेगळी ओरडते आणि मोकळी करवत वेगळी, हे तिला लहानपणापासून कळत होतं. ही मोकळी होती. लाकडाला लागत नव्हती, थांबतही नव्हती. असं कधी होतं? करवत चालू राहते आणि धरणारा पडतो, तेव्हा. सायमाच्या हातून ताटली निसटली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "डेल, ये. या वेळी खरं आहे."

डेल आला, रुग्णवाहिका आली. आर्विड आला. रस्त्यावरच्या लोकांनी आवाज आणि भोंगा दोन्ही ऐकले होते, तेही आले. चर्चमधल्या दोघी बायका तर मटण भरलेल्या करंज्यांचा ट्रे घेऊनच आल्या, कारण आमच्याकडे दुःखाच्या घरी कुणी रिकाम्या हातानं जात नाही. सगळी मिरवणूक मागच्या वाटेनं धावली. पुढे सायमा, एका पायात बूट, दुसऱ्यात नुसता मोजा.

टाउनो ओंडक्याला टेकून बसला होता. एवढी माणसं बघून तो गडबडून उभा राहिला.

"काका, बंद करा ती!" डेल ओरडला.

"होत नाही!"

"काय?"

"बंद! होत! नाही!"

"बटण दाबा की!"

"बटण आर्विडनं कापलं!"

सगळ्यांनी आर्विडकडे पाहिलं. आर्विडनं ट्रेमधली करंजी नुकतीच उचलली होती. "व्हिडिओत तसंच होतं," तो म्हणाला, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

आणि तेवढ्यात करवत दोनदा ठसकली आणि आपण होऊनच विझली. इतकं शांत झालं की पानं पडताना ऐकू येत होती. त्या शांततेत सायमा पुढे झाली, तिनं टाउनोच्या खांद्यावर मुठीनं दोन ठोसे मारले आणि मग तिथेच, सगळ्या गावासमोर, त्याच्या कोटात तोंड खुपसून रडायला लागली. सेहेचाळीस वर्षांत तिनं असं कधी केलं नव्हतं. टाउनोचे हात हवेतच राहिले. काय करायचं असतं ते त्याला सुचेना.

"मी बसलो होतो फक्त," तो म्हणाला.

लॉरीला बातमी कुणी कळवली कोण जाणे, पण तीनच्या आत फोन आला. सोमवारी सकाळी आठला गॅसचा माणूस येणार होता. टाउनो "बरं" म्हणाला. संध्याकाळी सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या न्हाणीत, दोघांनी शनिवारची आंघोळ केली. नंतर त्यानं शेडमध्ये जाऊन करवतीची तार नीट जोडली आणि तिला रबराचं वेष्टण घातलं. आता ती वापरायची नव्हती, पण बिघडलेली ठेवायचीही नव्हती.

रविवारी चर्चमधून आल्यावर तो कपडे बदलून बाहेर आला, तर सायमा दारात उभी. अंगात त्याची जाड विजार, डोक्यावर त्याचं शिरस्त्राण, हातात करवत.

"हे काय सोंग?"

"एक मेपल उरलाय पडलेला. मी कापते. तू सूप ढवळ."

"तू? अगं, कधी हात लावला होतास?"

"तुझ्याआधी दहा वर्षं, बाप गेल्यापासून. बापाची मुलगी आहे मी. ढवळ, नाही तर तळाला लागेल."

ती गेली. टाउनो डाव घेऊन उभा राहिला. करवत सुरू झाली, लाकडात शिरली. बरं चाललंय की, त्याच्या मनात आलं. एक ओंडका. दुसरा. तिसऱ्याला जरा जोर लावतेय. चौथा.

मग करवत थांबली.

तेल घालत असेल. टाउनो ढवळत राहिला. पाचर शोधत असेल. त्यानं खिडकीतून पाहिलं. झाडांपलीकडचं काही दिसत नव्हतं. घाम पुसत असेल, बाईमाणूस आहे, दमली असेल. पाचर डाव्या खोक्यात आहे हे सांगितलंच नाही आपण. ओंडका घरंगळला तर उताराच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं तेही नाही सांगितलं. आणि एकाएकी डॉक्टर, जाळ्या सगळं विसरून तो दार उघडं टाकून धावत सुटला.

सायमा मेपलवर आरामात बसली होती. करवत पायाशी होती, शिरस्त्राण मांडीवर. ती मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

"साडेतीन मिनिटं," ती म्हणाली. "तुझी थांबली की मी दोन मिनिटांत निघते."

टाउनो तिच्या शेजारी धपकन बसला. हातात डाव होता आणि त्यातलं सूप विजारीवर ठिबकत होतं. तो म्हणाला, "इतके दिवस तू हे रोज करतेस?"

"रोज कुठे? तू कापतोस त्या दिवशी."

त्यानं मान खाली घातली. "उद्या येऊ दे त्या गॅसवाल्याला. मला नाही हे जमायचं. मला वाटायचं, तुला ऊब मी देतोय. तुझा तर घाम काढत होतो."

"गॅसवाल्याला मी सकाळीच नको म्हणून कळवलंय," सायमा म्हणाली. "लॉरीची मी बघून घेईन."

"का?"

"वास येतो गॅसला." तिनं त्याच्या हातातून डाव काढून घेतला आणि शिरस्त्राण त्याच्या डोक्यावर चढवलं. "कॉफीचा थर्मास आणते मी, आणि ती घडीची खुर्ची. इथे बसणार, तुझ्या डोळ्यांसमोर. तू काप."

ती घराकडे गेली. टाउनोनं करवत हातात घेतली, पण दोरी ओढली नाही. वाटेच्या वळणावर ती पुन्हा दिसेपर्यंत तो तसाच उभा राहिला.